धान्यातले सोंडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात राहते. आमच्या बचत गटातल्या बाया दर उन्हाळ्यात मिळून गहू आणि जवारी घेतात, वाळवतात, निवडतात आणि वर्षाचं भरून ठेवतात. मृग बरसला की पंधरा-वीस दिवसांत कोणी ना कोणी पदराखाली वाटी घेऊन येतं. वाटीत मूठभर गहू, गव्हावर चालणारे किडे. मग तेच प्रश्न, आणि माझी तीच उत्तरं. ती इथे एकदाची सविस्तर लिहिते आहे.

सोंडा म्हणजे नेमका कोणता किडा?

तांदूळ, गहू, जवारी, मका यांत सापडणारा, साधारण तिळाच्या दाण्याएवढा किडा. लांबी अडीच ते चार मिलिमीटर, रंग तांबूस तपकिरी ते काळपट. पाठीवर नीट पाहिलं तर चार फिकट, पिवळसर-तांबडे ठिपके दिसतात. आणि तोंडापुढे वाकलेली सोंड, जिच्यामुळे त्याला हे नाव पडलं. शास्त्रीय नाव सायटोफिलस ओरायझी. स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने या किड्याची नोंद १७६३ साली केली. याचाच सख्खा भाऊ मक्यातला सोंडा. त्या दोघांमधला फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि घरच्या कामासाठी कळायची गरजही नाही.

एकदा पांढऱ्या ताटलीत घेऊन बघाच. बोट लावलं की पाय पोटाशी ओढून घेतो आणि मेल्यासारखा पडून राहतो. हात न लावता थांबा. आधी सोंडेवरच्या दोन कोपरासारख्या वाकलेल्या मिशा हलतात, मग एकेक पाय बाहेर येतो, आणि लगबगीनं तो ताटलीच्या काठाकडे चढू लागतो. ‘मेले सगळे’ म्हणून सूप तसंच ठेवून घरात गेलेल्या बाईला परत आल्यावर सूप रिकामं दिसतं, ते याच्यामुळे.

तो सोंडेनं दाण्याचा रस पितो का?

नाही. सोंड पोकळ नळी नाही. सोंडेच्या अगदी टोकाला चावणारे बारीक जबडे असतात. सोंड म्हणजे लांब केलेलं तोंड, सुताराच्या सामत्यासारखं भोक पाडायचं हत्यार.

कोठी घट्ट बंद होती. मग किडा आला कुठून?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर समजलं की निम्मं काम झालं. किडा बाहेरून आत शिरला नाही. तुम्हीच त्याला दाण्यात घालून आत ठेवला.

मादी सोंडेनं दाण्याला भोक पाडते, त्यात एकच अंडं घालते आणि भोकाचं तोंड चिकट स्रावानं लिंपून टाकते. तो स्राव सुकला की दाण्याच्याच रंगाचा दिसतो. तुम्ही दाणा हातात धरून कितीही उलटापालटा केला तरी काही कळत नाही. एक मादी तिच्या आयुष्यात तीनशे-चारशे अंडी घालू शकते, आणि बहुतेक प्रत्येक अंड्याला वेगळा दाणा.

तीन-चार दिवसांत अंडं फुटतं. आतली अळी पांढरी, जाडसर, बिनपायाची. तिला पाय लागतच नाहीत, कारण तिला कुठे जायचं नसतं. घर आणि जेवण एकच. ती दाणा आतून पोखरत वाढते, आतच कोष होते, आतच किडा होते, आणि काही दिवस आतच बसून कवच टणक करून घेते. मग दाण्याला वेडंवाकडं भोक पाडून बाहेर येते. आपल्या उन्हाळा-पावसाळ्याच्या उबेत या सगळ्याला साधारण एक महिना लागतो. म्हणजे तुम्हाला पहिला सोंडा जूनच्या शेवटी दिसला, तर त्याचं अंडं मेच्या शेवटी दाण्यात होतं. कोठी भरली तेव्हा गहू स्वच्छ दिसत होता हे खरंच आहे. तो फक्त दिसायलाच स्वच्छ होता.

अंडं दाण्यात कुठे पडलं, याच्या तीन-चार जागा असतात. दुकानदाराच्या गोदामात. मागच्या वर्षीच्या पोत्याच्या शिवणीत. कोठीच्या तळाशी उरलेल्या मूठभर जुन्या धान्यात. आणि कधीकधी थेट वावरात, कारण हा सोंडा उडतो आणि पिकत आलेल्या कणसापर्यंत पोचतो. थंड मुलखातल्या गहू-गोदामांतला याचा दुसरा भाऊ, सायटोफिलस ग्रॅनॅरियस, मात्र उडू शकत नाही. तो माणसाच्या गाडीतूनच गावोगाव गेला.

दाण्यात किड आहे का, हे भरण्याआधी ओळखता येतं का?

बऱ्यापैकी. मूठभर धान्य पाण्यात टाका. पोखरलेले दाणे हलके होऊन वर येतात. मात्र नुकतंच अंडं घातलेला दाणा बुडतोच, त्यामुळे काही तरंगलं नाही म्हणजे निर्धास्त व्हायचं असं नाही.

भरलेल्या पोत्याची परीक्षा हातानं होते. कोपरापर्यंत हात आत घाला. धान्य आत गार लागलं पाहिजे. ऊब लागली तर आत वस्ती वाढते आहे. किडे आणि अळ्या श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि ओल सुटते, त्या ओलीनं बुरशी धरते, बुरशीनं आणखी ऊब. मी एकदा आमच्याच घरच्या गव्हाच्या पोत्यात हात घातला होता, तर चुलीजवळ ठेवलेल्या पिठाच्या डब्यात घातल्यासारखा वाटला. हात बाहेर काढला तर मनगटापर्यंत पांढरी भुकटी आणि बोटांच्या बेचक्यांत सोंडे.

मे महिन्याच्या उन्हानं सोंडे मरतात का?

मरतात, पण आपण उन्हाचा उपयोग बहुतेक वेळा अर्धाच करतो. सोंड्याला २७ ते ३१ अंशांची ऊब आणि दमट हवा मानवते. १५ अंशांच्या खाली त्याची वाढ थांबते. वरच्या बाजूला, दाण्याच्या आतलं तापमान ५० अंशांच्या पुढे जाऊन काही तास टिकलं तर अंडी, अळ्या, कोष, सगळं मरतं. वर्धा, नागपूर, चंद्रपूरकडे मेमध्ये हवेचाच पारा ४५ च्या पुढे जातो, आणि स्लॅबची गच्ची त्याहून कितीतरी जास्त तापते. म्हणजे देवानं आपल्याला फुकटची भट्टी दिली आहे.

चूक होते ती थरात. पोतंभर गहू एकाच ताडपत्रीवर वीतभर जाडीचा पसरला तर वरचं बोटभर धान्य तापतं आणि खालचं कोमटच राहतं. वरचे किडे खाली सरकतात आणि संध्याकाळी परत वर येतात. थर बोटाच्या एका पेराएवढाच ठेवा. दर तासाला पायानं किंवा दाताळ्यानं सरी पाडल्यासारखं फिरवा. खाली काळी ताडपत्री आणि वर पारदर्शक प्लास्टिक, कडा दगडांनी दाबलेल्या, असं केलं तर आत चांगलीच भट्टी पेटते आणि एका दुपारीतच काम होतं. प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले तर धान्यात अजून ओल आहे. ते आधी उघडं वाळवा.

बियाण्याच्या धान्याला मात्र प्लास्टिकखाली कोंडू नका. त्याला सकाळचं मोकळं ऊन पुरे. पुढच्या हंगामाच्या उगवणीशी खेळ नको.

आणि वाळवण घराच्या भिंतीला लागून घालू नका. तापल्यावर मोठे सोंडे पळतात. ते भिंतीवर चढतात, फटीत बसतात, आणि कोठी भरली की परत हजर.

नीट वाळवलं, तरी किड लागली. असं का?

बहुधा गरम धान्य भरलं. ही चूक आमच्याच घरात झाली आहे, म्हणून जीव तोडून सांगते. लग्न होऊन आले त्या दुसऱ्या वर्षी गच्चीवरून दुपारी चार वाजता गहू खाली आणला आणि पाऊस येतोसा वाटला म्हणून तसाच पत्र्याच्या कोठीत ओतला. झाकण लावलं, वर शेणमातीचं लिंपण. हात भाजत होता इतका गहू तापलेला. रात्री पत्रा गार झाला, आतल्या गरम हवेतली वाफ झाकणाला धरली आणि थेंब होऊन वरच्या गव्हावर पडली. श्रावणात उघडलं तेव्हा वरचा चार बोटांचा थर ढेकळासारखा झालेला, हिरवट, आंबूस वासाचा, आणि त्याच्याखाली सोंडेच सोंडे. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. सूप घेऊन बसल्या आणि दिवसभर पाखडत राहिल्या. ते मला अजून विसरता येत नाही.

तेव्हा वाळवलेलं धान्य रात्रभर घरात कोरड्या जागी सुती कपड्याखाली पसरून गार होऊ द्या आणि पहाटे भरा. दाणा दाताखाली ‘कट्’ असा तुटला पाहिजे. दबला, चिरडला, चिवट लागला तर आणखी एक ऊन हवं. मोजमापात सांगायचं तर साठवणीच्या धान्यात ओलावा १२ टक्क्यांच्या वर नसावा. १० च्या खाली गेला तर सोंड्याला पिल्लावळ वाढवणं फार अवघड जातं.

कडुनिंबाचा पाला, राख, एरंडेल, लवंग, माचीसच्या पेट्या: यातलं काय खरं?

राख खरी आहे. गोवरीची बारीक, चाळलेली, पूर्ण गार राख धान्यात मिसळली तर दाण्यांमधली पोकळी भरते. किड्याला हिंडता येत नाही, आणि त्याच्या अंगावरचा मेणाचा पातळ थर राखेनं खरवडला जातो. तो थर गेला की अंगातलं पाणी उडून किडा वाळून मरतो. आमच्याकडे बियाण्याची जवारी अजून अशीच ठेवतात. खायच्या धान्याला धुवायचा व्याप वाढतो एवढंच.

तेल खरं आहे, विशेषतः डाळी आणि कडधान्यांना. किलोला एक लहान चमचा गोडंतेल किंवा एरंडेल हातानं चोळून लावलं तर वर घातलेली अंडी गुदमरतात.

कडुनिंबाचा पाला सावलीत कडक वाळवून घातला तर बाहेरचे किडे थोडे लांब राहतात. दाण्याच्या आत बसलेल्या अळीला त्याचं काही घेणंदेणं नाही. आणि हिरवा पाला तर घालूच नका. तुम्ही कोठीत पाणी ओतताय. लवंग, लसूण, तेजपान यांचंही तसंच: डब्यापुरता वास, पोत्याला नाही. माचीसच्या पेट्यांबद्दल मला एवढंच वाटतं की त्या देवघरात ठेवाव्यात.

बोरिक पावडर तांदळाला लावणारी घरं आहेत. तांदूळ निदान तीनदा धुतला जातो. गहू आणि जवारी आपण न धुता दळायला देतो, म्हणजे पावडर सरळ भाकरीत. आमच्या गटात ती बंद केली आहे. पाऱ्याच्या गोळ्या तर घरातल्या धान्यात नकोतच, पारा हे विष आहे.

कृषी केंद्रातली गोळी टाकली तर?

ही जागा घाईनं वाचून पुढे जाऊ नका. ती गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. सोंडे मरतात हे खरं, दाण्याच्या आतलेसुद्धा. पण तो वायू फटीतून, दाराखालून, कौलांतून शेजारच्या खोलीत जातो. त्याच्यावर उतारा औषध नाही. धान्याच्या खोलीला लागून झोपलेली माणसं, त्यातही लहान लेकरं, सकाळी उठत नाहीत, असे प्रकार आपल्या देशात पुन्हा पुन्हा घडले आहेत. हे काम मोठ्या गोदामात, हवाबंद ताडपत्रीखाली, परवानाधारक प्रशिक्षित माणसांनीच करायचं आहे. दोन खोल्यांच्या घरात, जिथे पोत्यांना पाय लावून आपण झोपतो, तिथे ती गोळी शिरताच कामा नये.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. विष आपल्या वावरातून माजघरात आणू नका, एवढीच हात जोडून विनंती.

तुरीत आणि हरभऱ्यात होतात ते हेच सोंडे का?

नाही. तो भुंगेरा. गोलसर, सोंड नसलेला. त्याची अंडी दाण्यावर बाहेरच, पांढऱ्या टिकल्यांसारखी चिकटलेली दिसतात. तो पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला आहे. म्हणूनच गव्हाच्या सोंड्यांची साथ शेजारच्या तुरीला लागत नाही, आणि तुरीची गव्हाला. पिठात फिरतो तो चपटा तांबडा किडा तिसराच. आणि तांदळाला जाळी धरते ती पतंगाची अळी.

पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानांच्या कडा कुरतडणारा राखाडी-पांढरा किडा मात्र सोंडकिडाच आहे, फक्त जात वेगळी. त्याच्या अळ्या मातीत मुळं खातात. तो घरात येत नाही.

चुकून खाल्ला गेला तर?

काही होत नाही. तो विषारी नाही, चावत नाही, रोग पसरवत नाही. पण फार पोखरलेल्या धान्यात किड्यांची विष्ठा, कातडी आणि बुरशी असते, पिठाला कडवट वास येतो आणि दाण्यातलं सत्त्व अळीनं आधीच खाल्लेलं असतं. धान्याच्या धुळीनं दमा असलेल्यांना त्रास होतो. चाळताना नाकाला रुमाल बांधा आणि वाऱ्याकडे पाठ करा. असं धान्य कोंबड्यांना घाला, त्या एकेक सोंडा टिपून खातात. मात्र औषध लावलेलं धान्य जनावरालाही नाही.

चाळून, पाखडून स्वच्छ केलं. आता झालं ना?

आजचे गेले. दाण्यातले राहिले. पंधरा दिवसांनी परत चाळा, महिन्यानं आणखी एकदा. चाळलेला भुसा उकिरड्यावर टाकू नका, जाळा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. शहरात लेकीकडे दहा किलो पाठवलं असेल तर तिला सांगा, पिशवी घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरच्या कप्प्यात ठेवायची, मग बाहेर काढून पिशवी न उघडता खोलीच्या उबेला येऊ द्यायची.

चाळताना कधी मुंगीहून बारीक, काळसर, पंखवाली गांधीलमाशीसारखी माशी दिसली तर तिला मारू नका. ती आपल्या बाजूची आहे. दाण्याच्या सालीतून सुई खुपसून ती आतल्या अळीला बधिर करते आणि तिच्यावर अंडं घालते. तिची अळी सोंड्याची अळी खाऊन वाढते. बाहेरून आपल्याला कळत नाही तो दाणा तिला मात्र बरोबर सापडतो.

जुनी माणसं पेवात धान्य ठेवायची, त्यात किड लागत नव्हती का?

कमी लागायची, आणि याचं कारण मला फार आवडतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेला, आतून लिंपलेला, कडब्यानं अस्तरलेला खड्डा. जवारी भरून तोंड बंद केलं की आतले किडे आणि दाणे मिळून हवेतला प्राणवायू संपवतात. प्राणवायू संपला की किडे मरतात. म्हणून पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. आधी कंदील सोडत. तो विझला तर आतली हवा जीव घेणारी आहे असं समजत. ‘पेव फुटलं’ हा शब्द आपण आज भलत्याच गोष्टींना वापरतो, पण त्यामागे असं एक पोटभर धान्याचं चित्र आहे.

आजच्या बहुपदरी हवाबंद पिशव्या तेच काम करतात. अट एकच: धान्य कोरडं हवं आणि पिशवी पुन्हा पुन्हा उघडायची नाही. म्हणून वर्षाचं सगळं एकाच कोठीत ठेवण्यापेक्षा महिन्या-दोन महिन्यांचे वाटे करा. एक उघडा, बाकीच्यांना हात लावू नका.

सोंडकिडे फक्त धान्यातच असतात का? पुस्तकात पाइनच्या जंगलातला सोंडकिडा दाखवला आहे.

हा प्रश्न सातवीतल्या एका मुलीनं विचारला, आणि मला तिचं फार कौतुक वाटलं. सोंडकिड्यांच्या नोंदवलेल्या जाती ६० हजारांहून जास्त आहेत. धान्यातले त्यांतले मोजके. आणि या घराण्याची सुरुवातच मुळी सूचिपर्णी झाडांपाशी झालेली दिसते. कझाकस्तानातल्या करातऊ इथे डायनासोरच्या काळातल्या, ज्युरासिक खडकांत सोंडकिड्यांचे जीवाश्म सापडले आहेत. तेव्हा गवत नव्हतं, म्हणजे गहू-तांदळाचे पूर्वजही नव्हते. त्यांच्यातलं एक जुनं कूळ आजही पाइनसारख्या झाडांच्या नरशंकूंतले पराग खाऊन जगतं.

आपल्याकडे मेळघाटात साग, ताडोब्यात साग आणि बांबू. पाइनची जंगलं नाहीत, म्हणून ते किडेही आपल्याला दिसत नाहीत. युरोपात हायलोबियस अबायटिस नावाचा सेंटिमीटरभर लांबीचा सोंडकिडा आहे. जंगल तोडलं की उरलेल्या बुंध्यांच्या मुळांत त्याच्या अळ्या वाढतात, आणि मोठे किडे त्याच जागी नव्यानं लावलेल्या रोपांची साल सोलून खातात. रोपं उभ्या उभ्या मरतात. उत्तर अमेरिकेत त्याहून छोटा, तांदळाच्या दाण्याएवढा, पिसोडिस स्ट्रोबी. त्याची मादी झाडाच्या शेंड्यावरच अंडी घालते. अळ्या वरून खाली साल पोखरत येतात, शेंडा वाळतो आणि बाजूच्या फांद्या वर धावू लागतात. सरळ सोट वाढायचं झाड दुबेळकं होतं, त्याचं लाकूड इमारतीला चालत नाही. शेंड्यात काय आणि दाण्यात काय, रीत तीच: भोक पाडायचं, अंडं आत ठेवायचं, आणि खाणाऱ्या अळीला बाहेरच्या नजरेपासून झाकायचं.

धान्यातला सोंडाही आधी रानातलाच. जपानमध्ये सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत मक्यातल्या सोंड्याचे ठसे उमटलेले सापडले. तिथे तेव्हा भातशेती सुरूही झालेली नव्हती. माणसं रानातली कठीण फळं साठवत होती आणि सोंडा त्या साठ्यात येऊन बसला होता.

या किड्यांचा काही उपयोग आहे का?

घरातल्याचा नाही. पण त्याच्या गणगोतातला दोनच मिलिमीटरचा एक सोंडकिडा केरळच्या पाण्यात पसरलेली साल्व्हिनिया ही तरंगती वनस्पती खाऊन संपवायला १९८० च्या दशकात सोडला होता. अलीकडे आपल्या अमरावती जिल्ह्याच्या शेजारी, बैतूल जिल्ह्यातल्या सारणीच्या सातपुडा जलाशयातही तोच सोडला.

पावसाळ्यात कोठी उघडून ऊन दाखवावं का?

श्रावणातली उघडीप पाहून हा मोह होतो. टाळा. ऊन दिसतं, पण हवा ओली असते, आणि वाळलेला दाणा ती ओल शोषून घेतो. हात घालून गार लागतंय आणि वास शुद्ध आहे, तर झाकण लावा. ऊब लागली तरच काढा, आणि मग ते धान्य आधी खायला घ्या. चांगलं ऊन द्यायचं ते पोळा-गणपती झाल्यावर, हवा कोरडी पडली की.